त्या हाताला नमस्कार

करामा, दुबई
३ नोव्हेंबर २०२५

दादा,

ईमेल बघून चमकला असशील. उम्म अल कुवैन इथून गाडीने तासाभरावर, आणि सख्खी बहीण पत्र लिहिते! पण काय करू? आई व्हिसावर आल्यापासून आमच्या एका बेडरूमच्या घरात खासगी असं काही उरलेलंच नाही. तुझा फोन आला की आईचं "स्पीकरवर टाक गं" सुरू होतं, आणि व्हॉट्सॲप तर इराच्या ताब्यात असतं. ईमेल तेवढी या दोघींच्या नजरेतून सुटली आहे.

तर बातमी सांगते, आधी खाली बस. तात्या येताहेत! आपले 'तात्यांची पंगत'वाले तात्या! २२ तारखेला शनिवारी दुपारी चार वाजता आपल्या मराठी मंडळाचा कार्यक्रम आहे, एका शाळेचा हॉल मिळालाय. मी कमिटीत आहे, त्यामुळे मला आधी कळलं. ऑफिसात मीटिंग चालू होती आणि माझ्या डोळ्यांत पाणी. बॉसला वाटलं प्रोजेक्ट गेला म्हणून रडतेय.

रविवार सकाळ आठवते ना रे? आठ मुलं पाटावर बसलेली, समोर घरून आणलेले डबे, आणि तात्या धोतराचा सोगा सावरत एकेक डबा चाखत पुढे जायचे. डोळे मिटून "अहाहा! कुणाचा हात?" म्हणायचे, मूल आपल्या आईचं नाव सांगायचं, आणि तात्या कॅमेऱ्याकडे बघून हात जोडायचे. "त्या हाताला माझा नमस्कार." अख्ख्या महाराष्ट्रातल्या आया त्या एका वाक्यासाठी टीव्हीपुढे बसायच्या. आणि आपल्या कऱ्हाडच्या घरातला मुलगा १९८८ साली खुद्द त्या पंगतीत बसला होता! मला ताप होता म्हणून आई आली नाही, बाबा तुला मुंबईला घेऊन गेले. मी सहा वर्षांची होते, तरी आईने पहाटे उठून तळलेल्या सांजोऱ्यांचा वास मला अजून येतो.

कार्यक्रमात मुलांची पंगत पुन्हा मांडायची आहे, आणि आठ मुलांत आपली इरा आहे! मुग्धा, म्हणजे आमची सेक्रेटरी, तिला मी तुझा फोटो दाखवला. तोच, तात्या तुला स्वतःच्या हाताने घास भरवताहेत तो. आई विमानातसुद्धा घेऊन आली आहे, फ्रेमसकट, हँडबॅगेत. शेजारच्या सीटवरच्या मल्याळी बाईंनाही दाखवून झाला. मुग्धा म्हणाली, याचा मोठ्ठा फ्लेक्स करून स्टेजवर लावू, आणि "तो मुलगा" म्हणून तू स्टेजवर यायचंस. सांजोऱ्या आईच करणार.

नाही म्हणायचं नाही. माझ्या घरचा एक कार्यक्रम तू बिघडवलास, आता नको.

मृणाल


उम्म अल कुवैन
५ नोव्हेंबर

मृणाल,

मी येणार नाही. फ्लेक्स करू नका. फोटो परत फ्रेमसकट आईच्या बॅगेत ठेव.

चाळिशी ओलांडलेली माणसं लहानपणीच्या टीव्हीची नावं काढून गहिवरतात ते बघून मला वीट येतो. आमच्या कारखान्यातही हेच. जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी जुन्या मालिकेचं शीर्षकगीत मोबाईलवर लावतो आणि सगळे माना डोलावतात. काय होतं त्यात? पुठ्ठ्याच्या भिंती, पावडर फासलेली तोंडं आणि साखरेच्या पाकात बुडवलेलं खोटं बोलणं. तुझे ते तात्या तर त्या सगळ्यांत ओंगळ. तो माणूस दुबईत उतरणार हे वाचूनच मला माझा डबा बाजूला सारावा लागला.

इराला त्या पंगतीत बसवू नको. तिला गाणं येतं, नाच येतो, दुसरं काहीही करू दे. एवढं माझं ऐक.

आईला सांग की सुजीतचं ऑडिट आहे. प्लास्टिकचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी मॅनेजरला रोजच ऑडिट असतं, म्हणजे खोटंही होणार नाही.

सुजीत


करामा
७ नोव्हेंबर

दादा,

तुझं पत्र वाचून माझा संताप झाला. "ओंगळ"? एका म्हाताऱ्या माणसाला, ज्याने तुला पोटच्या पोरासारखा घास भरवला?

मला वाटतं आता बोलूनच टाकावं, नऊ वर्षं मी गप्प आहे. इराचं उष्टावण याच घरात होतं. मामाने पहिला घास द्यायचा असतो, आणि मामा तर एकुलता एक. माझे सासू-सासरे पुण्याहून आलेले. चांदीच्या वाटीत खीर, तुझ्या हातात सोन्याची अंगठी, ती खिरीत बुडवून इराच्या ओठाला लावायची, एवढंच काम. तू अंगठी बुडवलीस. हात तिच्या तोंडापर्यंत नेलास. तिने तोंड उघडलं, आणि तुझा चेहरा असा झाला की जणू पुढ्यात घाण पडली आहे. वाटी ठेवून बाथरूममध्ये गेलास आणि तिथून तसाच निघून गेलास. शेवटी मुग्धाच्या नवऱ्याने घास दिला. सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या भावाला किळस येते का गं आपल्या पोरीची?" मी खिरीची वाटी उचलून आत गेले. 

तुझ्या लग्नातही तेच. वहिनीने घास पुढे केला, तू ताट सरकवलंस. ईश्वरीवहिनी बिचारी कऱ्हाडहून फोनवर हसून म्हणते, "यांचं फार सोवळं असतं." मी मात्र सांगते, हा तुझा माज आहे. आम्ही सगळे तुला उष्टे, खरकटे वाटतो.

इकडे आई चौऱ्याहत्तराव्या वर्षी नाचतेय. काल इराला घेऊन तूप आणायला गेली. तीन दुकानं पालथी घातली. प्रत्येक दुकानात डबा उघडून वास घेऊ द्या म्हणाली, दुकानदार "मा जी, सील है" म्हणून हात जोडतोय. इरा घरी येऊन सांगते, "मम्मा, आजी स्मेल्ड द होल करामा." रवा दोनदा भाजून झाला, पहिला म्हणे करपट लागला. तात्यांना तोच जुना हात ओळखू आला पाहिजे म्हणते.

तुला माहीत आहे तिला त्या नमस्काराचं काय आहे ते. आपली आजी, बाबांची आई, तिला उठता-बसता "हाताला चव नाही" म्हणायची. तो कार्यक्रम लागला त्या रविवारपासून आजीचं तोंड बंद झालं, ते शेवटपर्यंत. आईला आयुष्यात मिळालेलं एकच सर्टिफिकेट आहे ते.

कारण असेल तर सांग. नसेल तर गप्प बस आणि इस्त्रीचा कुर्ता घालून ये.

मृणाल


उम्म अल कुवैन
८ नोव्हेंबर

मृणाल,

कारण एवढंच, की परतीच्या एसटीत मी ओकलो होतो, बाबांच्या पँटवर, खंबाटकी घाटात. तेव्हापासून त्या कार्यक्रमाचं नाव काढलं की मळमळतं. लहानपणी मनात बसलेली गोष्ट, दुसरं काही नाही.

उष्टावणाबद्दल तू म्हणतेस ते बरोबर आहे. माझं चुकलं. पण इराची किळस मला कधीच नव्हती. हे एक तरी खरं मान.

तिला पंगतीत बसवू नको.

सुजीत


करामा
१५ नोव्हेंबर

बस लागली म्हणून! सदतीस वर्षांपूर्वी बस लागली म्हणून तू परस्पर मुग्धाला फोन केलास आणि माझ्या मुलीचं नाव कापायला सांगितलंस? वर "इराला दाण्यांची ॲलर्जी आहे" असं खोटं बोललास? सांजोरीत दाणे कुठून आले रे?

मुग्धाने मला कमिटीच्या ग्रुपवर सगळ्यांदेखत विचारलं. माझं तोंड काळं झालं. आणि मी आईला सांगितलं. हो, सांगितलं. मला तिच्यापासून काही लपवता येत नाही, तुला माहीत आहे. ती लाटणं हातात धरून उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या हाताचं कौतुक सुजीतला कधी बघवलंच नाही, त्या फोटोकडेसुद्धा तो पाठ करून बसायचा." मग रडली. इरा बाहेर येऊन विचारते, "इज मामा ए बॅड पर्सन?"

मी नाही म्हटलं, पण मनातून म्हटलं नाही.

शिसारी आली मला तुझी. इराचं नाव परत घातलंय. तू येऊ नको, आता खलास. आलास तरी मी ओळख दाखवणार नाही.

मृणालिनी


उम्म अल कुवैन
१८ नोव्हेंबर

मृणाल,

तीन दिवस लिहितोय आणि पुसतोय. आज पाठवतो. हे वाचताना जवळ काही खायला ठेवू नको.

स्टुडिओत आईबापांना आत घेत नव्हते. बाबा बाहेर बाकावर बसले. आत सोडताना म्हणाले, "तात्या सांगतील तसं कर." मी नऊ वर्षांचा. अर्धी चड्डी, तेल लावून चापून बसवलेले केस, मांडीवर सांजोऱ्यांचा डबा. पाटावर पाचवा होतो मी.

तात्यांच्या पाटाशेजारी, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशी, एक पत्र्याची बादली होती. पहिल्या मुलीने पुरणपोळी आणली होती. तात्यांनी घास घेतला, डोळे मिटले, "अहाहा" झालं, नमस्कार झाला. "कट" म्हटल्याबरोबर बादलीत थू! चूळ भरून तीही बादलीत. मग दुसऱ्याची चकली, थू. तिसऱ्याचा चिवडा, थू. आम्ही आठजण टकामका बघत होतो. वाटलं, मोठ्या माणसांची अशी काही रीत असेल.

माझी पाळी आली. तात्यांनी सांजोरी मोडली, अर्धी तोंडात घातली. "कुणाचा हात?" मी आईचं नाव सांगितलं. त्यांनी हात जोडले, आणि तेवढ्यात दिवे गेले. अंधारात थुंकल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ त्यांचा आवाज, तोच, मधासारखा. "हात कसला, ही बाई पायाने मळते काय रे? तूप आहे का गाडीचं वंगण?" सगळे हसले. माझ्या हातात डबा होता, मृणाल. झाकणावर आईने फडकं बांधलं होतं, सांडू नये म्हणून.

दिवे आले. दिग्दर्शक म्हणाला, जरा गोड काहीतरी करू, उरलेली अर्धी तात्यांनी पोराला भरवायची. ती अर्धी शोधायला लागले, तर ताटलीतलं कुणीतरी अंधारात बादलीत लोटून दिलेलं. डबा माझ्या हातून घेऊन बाकीच्या तोवर लाईटवाल्यांनी संपवल्या होत्या. तात्या म्हणाले, "अरे, आहे ना तीच काढा. टीव्हीवर काय वास येतो?"

काढली. एका माणसाने बादलीत हात घालून काढली, झटकली, स्वतःच्या पँटला पुसली. तिला तंबाखूचा वास होता, आणि कुणाच्या तरी चिवड्यातली कढीलिंबाची चावलेली पानं चिकटलेली होती. तात्यांनी ती दोन बोटांत धरली. कॅमेरा सुरू झाला आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं प्रेम पसरलं की तसं मी बाबांच्याही चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं. "घे बाळा, माझ्या हातचा घास."

मी तोंड उघडलं. उघडलं, कारण बाबांनी सांगितलं होतं, आणि कारण आई हे टीव्हीवर बघणार होती. गिळलंही. फोटो त्याच क्षणाचा आहे. आई म्हणते, "बघा, लेकराचे डोळे कसे भरून आलेत."

बस लागली नव्हती.

घरी येऊन सांगणार होतो. पण तुला ताप होता, आई दमलेली, आणि पहिलाच प्रश्न, "तात्यांना आवडली का रे?" मी "हो" म्हणालो. म्हटलं, मग सांगू. तीन आठवड्यांनी कार्यक्रम लागला. शेजारपाजारचे सगळे आपल्या घरात, आजी पुढच्या रांगेत. नमस्कार झाला तेव्हा आईने पदराने तोंड झाकून घेतलं, आणि आजी उठून आत गेली. त्यानंतर कुठल्या तोंडाने सांगणार होतो? तुला सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत आईला कळलं असतं. म्हणून तुलाही नाही.

त्या दिवसापासून मला दुसऱ्याच्या हातचा घास चालत नाही. आमचा नेल्सन, वसईचा सुपरवायझर, त्याच्या आईने पाठवलेलं काहीबाही रोज पुढे करतो. चांगला माणूस आहे. मी रोज "पोट भरलंय" म्हणतो. आता तो म्हणतो, "सर, तुमचं पोट बारा महिने भरलेलं असतं." आणि भरवायचं तर त्याहून कठीण. इराच्या ओठांजवळ अंगठी नेली, तिने तोंड उघडलं, आणि मला तिच्या जागी माझं तोंड दिसलं. इतक्या विश्वासाने उघडलेलं. मला वाटलं मी तिला बादलीतलं भरवतोय. म्हणून पळालो. किळस मला माझ्या हाताची आली होती.

आता तो माणूस इराला घास भरवणार, तुझ्या डोळ्यांदेखत, वर टाळ्या वाजणार. ते मला सहन होणार नाही. आईला कळू न देता जमवता आलं तर बघ. तिचं ते एकुलतं सर्टिफिकेट तिच्यापाशी राहू दे.

सुजीत


करामा
२४ नोव्हेंबर

दादा,

तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही, कारण खरं सांगू? माझा पुरता विश्वास बसला नाही. नऊ वर्षांच्या मुलाच्या डोक्यात गोष्टी वाढतात, असं मी मनाला समजावलं. इतकी वर्षं ज्या माणसावर जीव लावला तो असा असेल, हे मला नको होतं, बस. आईला मात्र काही बोलले नाही. आयुष्यात पहिल्यांदा चार दिवस तिच्यापासून काही लपवलं.

शनिवारी तीन वाजता तात्या आले. शाळेचा एक वर्ग त्यांना मेकअपसाठी दिला होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, दात नवीन, आवाज तोच. मी पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि दुसऱ्याच वाक्याला म्हणाले, "किती पोरं आहेत? आठ? म्हणजे आठ वेळा तेलकट. असं करा, टेबलाखाली एक झाकणाचा डबा ठेवा, आणि थोडे टिश्यू. टेबलक्लॉथ पुढून खालपर्यंत लांब हवा."

दादा, तो डबा मी ठेवला. तुझं पत्र वाचून चार दिवस झाले होते, आणि तरी मी माझ्या हाताने तो डबा टेबलाखाली ठेवला. म्हटलं, डायबिटीस असेल बिचाऱ्यांना. वय झालंय. माणूस स्वतःशी किती लाडीगोडी करतो बघ. मला माझीच शिसारी येते आता.

हॉल गच्च भरलेला. मागे तुझा फ्लेक्स, दहा फुटी. आई पहिल्या रांगेत, जांभळी पैठणी, मांडीवर सांजोऱ्यांचा स्टीलचा डबा, कार्यक्रमानंतर तात्यांना वेगळा द्यायला. इरा पाचवी बसली होती. मी विंगेत. प्रत्येक मुलानंतर टाळ्या पडायच्या आणि त्या टाळ्यांत तात्या टिश्यू उचलायचं निमित्त करून वाकायचे. समोरून काही दिसत नव्हतं. मला बाजूने सगळं दिसत होतं. थालीपीठ, थू. शंकरपाळे, थू. तू लिहिलंयस तसंच, अगदी तसंच.

इराची सांजोरी. "अहाहा! कुणाचा हात?" इरा माइकमध्ये म्हणाली, "माय आजीज." लोक हसले. तात्यांनी हात जोडले, "त्या हाताला माझा नमस्कार." पहिल्या रांगेत आईने डोळे पुसले. मग घास गालातच धरून तात्यांनी फ्लेक्सकडे बोट दाखवलं, म्हणाले, तोच क्षण पुन्हा, त्याच घरातलं लेकरू. दातांचे ठसे उमटलेली उरलेली सांजोरी त्यांनी उचलली आणि इराच्या तोंडाशी नेली. हॉलमध्ये तीनशे मोबाईल वर झाले.

इरा म्हणाली, "नो थँक यू. दॅट वॉज इन युवर माउथ."

इतकं सोपं होतं ते! हॉलमध्ये हशा. तात्याही हसले, "दुबईची पोरं! आईबापांनी संस्कार कस्टममध्येच ठेवून दिले वाटतं," आणि डाव्या हाताने त्यांनी तिची हनुवटी धरली. माझ्या लेकीने ओठ घट्ट मिटले होते. तिचे डोळे मला शोधत होते.

मी स्टेजवर गेले आणि त्यांचं मनगट धरलं. म्हटलं, "तिने नको म्हटलंय." माइक चालू होता. तात्या माइक झाकून दात खात म्हणाले, "बाई, मागे हो, तमाशा करू नको." मी इराला उठवलं आणि घेऊन निघाले. पाठीमागे तात्यांनी काहीतरी विनोद केला, लोकांनी सुटल्यासारख्या टाळ्या वाजवल्या, आणि त्या टाळ्यांत ते पुन्हा वाकले.

पण तोवर आई स्टेजच्या बाजूच्या पायरीवर आली होती. काय गडबड झाली ते बघायला, डबा छातीशी धरून. ती बरोब्बर टेबलाच्या बाजूला उभी होती. तिने त्यांना थुंकताना पाहिलं. आपली सांजोरी ओळखायला तिला चष्मा लागत नाही. झाकण लावायचं राहिलं होतं, दादा, डबा उघडाच होता. पाच पोरांच्या घरचं सगळं चावलेलं त्यात, आणि वर तिची सांजोरी.

ती तशीच मागे फिरली आणि एकेक पायरी धरून खाली उतरली.

गाडीत बसल्यावर तिने डबा पायाशी ठेवला. मग म्हणाली, "सुजीतला त्या वेळी बस लागली नव्हती, ना गं?"

माझ्याच्याने लपवणं झालं नाही. मी सगळं सांगितलं, तुझ्याच शब्दांत. तिने मध्ये एकदाच विचारलं, "बादलीतून?" मी हो म्हटलं. मग खिडकीबाहेर बघत राहिली. इराने तिचा हात धरला होता.

घरी आल्यावर तिने फोटो फ्रेममधून काढला आणि शिवणाची कात्री घेतली. म्हणाली, "त्याला कापते, माझा मुलगा तेवढा ठेवते." डोकं कापलं, धोतर कापलं, हात राहिला. तो तुझ्या तोंडाला लागलेला आहे. इकडून कापला तर तुझे ओठ जातात, तिकडून कापला तर बोटं राहतात. बराच वेळ कात्री धरून बसली. मग तिने सगळे तुकडे गोळा केले आणि स्वतः खाली जाऊन बिल्डिंगच्या मोठ्या कचरापेटीत टाकले. मी म्हटलं, मी जाते. म्हणाली, "नको, ते माझं काम आहे." वर येऊन साबणाने हात धुतले, कोपरापर्यंत. आणि म्हणाली, "त्या मेल्याच्या थुंकीवर मी सदतीस वर्षं सासूपुढे ताठ मानेने उभी राहिले, आणि माझं पोर मान खाली घालून जेवत राहिलं."

मुग्धाचे एकवीस मेसेज आलेत, माफी मागावी म्हणून. मागणार नाही. कमिटी सोडली.

शनिवारी आम्ही तिघी तुझ्याकडे येतोय. आई डबा आणणार आहे. तू खाशील की नाही ते तिने विचारलेलं नाही, मीही विचारत नाही. मला तेवढं माफ कर. उष्टावणासाठी, आणि त्या टेबलाखालच्या डब्यासाठी.

मृणाल


उम्म अल कुवैन
३० नोव्हेंबर

मृणाल,

काल तुम्ही निघालात तेव्हा तोंडाने काही बोलता आलं नाही, म्हणून लिहितो.

आईने पोळपाट-लाटणंसुद्धा बरोबर आणलं होतं. माझ्या ओट्यावर, माझ्या कढईत तळल्या, प्रत्येक गोष्ट मला दिसेल अशी. पीठ मळायच्या आधी हात धुतले आणि मागे वळून दोन्ही तळवे मला दाखवले. ते बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, आई, तुझ्या हाताबद्दल कधीच काही नव्हतं. म्हणाली, "माहीत आहे. तरी बघ."

तू आणि इरा खाली खाडीकडे गेला होतात तेव्हाची गोष्ट. तिने ताटलीत सांजोऱ्या वाढल्या. सवयीने एक मोडली, माझ्याकडे हात उचलला, आणि मधेच थांबली. तो तुकडा ताटलीत ठेवला, ताटली माझ्यापुढे सरकवली आणि खुर्ची भिंतीकडे वळवून बसली. माझ्याकडे पाठ. म्हणाली, "तुझ्या हाताने खा. मी बघत नाही. आवडली नाही तर टाकून दे, मला विचारायचं नाहीये."

सदतीस वर्षं तिने फक्त हेच विचारलं होतं.

पहिला घास घशाशी आला. दुसरा गेला. चार खाल्ल्या, मृणाल. तूप चांगलं आहे, करामा हुंगल्याचं सार्थक झालं. चौथीनंतर मीच म्हणालो, "आवडली." तिची पाठ हलायला लागली. मी हात धुऊन तिच्याजवळ जाऊन बसलो. भरवून घेणं अजून जमलं नाही. तिने आग्रहही केला नाही.

मग तुम्ही वर आलात. तू चहा टाकायला आत गेलीस तेव्हा इरा माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मामा, मम्मा सेज यू वेअर सपोज्ड टू फीड मी." मी काही बोलायच्या आत तिने रिकामी ताटली पुढे केली. "आय कॅन ईट बाय मायसेल्फ. यू कॅन जस्ट पुट इट हिअर."

मी सांजोरी उचलली. तिने दोन्ही हातांनी ताटली घट्ट धरली. मी ती तिच्या ताटलीत ठेवली. तिने आधी नीट बघितली, वास घेतला, अगदी आईसारखा, आणि मग स्वतःच्या हाताने खाल्ली. म्हणाली, "इट्स गुड. वन मोअर."

तेवढं उष्टावण माझ्याकडून पोचलं असं धर. नऊ वर्षं उशिरा.

तो माणूस आठवला की अजूनही तोंडात तंबाखू येतो. तो जाईल असं मला वाटत नाही, आणि जावा असंही वाटत नाही. पण उरलेल्या सांजोऱ्यांचा डबा आज कारखान्यात नेला. नेल्सनपुढे ठेवला. त्याने दोन घेतल्या, मग नेहमीच्या सवयीने आपल्या डब्याचं झाकण उघडून माझ्यापुढे धरलं, आणि नेहमीच्याच सवयीने परत लावायला लागला. मी म्हटलं, थांब.

दादा